पावनेदोन घंट्यावरचा लेक

...अन् त्यात विमानाची काय चूक, तुमीच सांगा, विमान बिचारं सांगितल्या येळेले उडते, सांगितल्या येळेले उतरते, अमरावती ते मुंबई पावनेदोन घंटे म्हटले की पावनेदोन घंटे, विमानाले नाव ठेवाचं काम नाई, मी तं जन्मात ठेवनार नाई, पन माह्या घरात जे झालं ते विमान नसतं तं झालं नसतं हेबी तेवढंच खरं, आता याले काय म्हनावं ते तुमीच ठरवा...

तुमाले सांगते. मी पौर्णिमा. माहेर बार्शीटाकळी, सासर अकोल्यात डाबकी रोडले. आमचे हे, कुलदीपराव, त्यायचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान हाये. पोरगी शिकाले पुण्याले. म्हनजे घरात मानसं तीन, आमी दोघं नवरा-बायको अन् सासू, कौशल्याबाई. तिले मी तोंडावर आई म्हनते अन् माघारी बुडी, म्हनजे म्हातारी. आता तुमी म्हनसान, सासूले बुडी म्हनते, काय बाई हाये ही. म्हना. तुमी तिच्या हाताखाली एक सकाळ काढा अन् मंग म्हना. चहा देला की कपात डोकावून पाह्यते, "पौर्णिमे, हे चहा हाये का भांड्याचं धुवन?" वरन वाढलं की ताट जरा वाकडं करते, "माहं तोंड दिसून राह्यलं याच्यात." भाकर टाकली की तिले उलटी-सुलटी करून पाह्यते, जसा काई मी तिच्यात दगड लपवला, अन् मंग सावकाश, एकदम गोड आवाजात, "तुह्या मायनं हेच शिकवलं का वं तुले?" माही माय मरून किती वर्सं झाली, तिच्या मयतीले ही बुडी सोताहून आली होती, रडलीबी होती, पन तेवढं सोडून द्या.

आता हे सगळं मी सहन केलं असतं. सासू हाये, बोलनारच. पन तिचं हर एक बोलनं शेवटी एकाच ठेसनावर जाऊन थांबे. विपुल. माहे भासरे, म्हनजे ह्यायचे मोठे भाऊ. मुंबईले असतात, कोनत्यातरी मोठ्या कंपनीत, तिथं ते काय करतात हे मले आजपर्यंत समजलं नाई, ह्यायले समजलं नाई, बुडीले तं बिलकुल समजलं नाई, पन विचारलं कोनी की ती डोळे मिटते अन् म्हनते, "लय मोठं काम हाये त्याचं." चहा पांचट झाला की, "विपुलच्या घरी चहा मशीनमधून निंगते." लाइट गेली की, "विपुलच्या इथं लाइट जातच नाई." मले ताप आला की, "विपुलची बायको कधी आजारी पडत नाई." काय करता?

विमान नव्हतं तेव्हा विपुलदादा रेल्वेनं येत. दिवाळीले अन् सासऱ्याच्या तिथीले. रातभर गाडीत अंग आंबवून सकाळी अकोल्याले उतरत, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, हातात मिठाईचा दबलेला डबा. पन येत. मंग अमरावतीले विमान सुरू झालं. आमच्या अकोल्यात शिवनीले धावपट्टी हाये, पन तिथं प्रवाशाचं विमान येत नाई, म्हनून आमच्यासाठी विमान म्हनजे अमरावतीचं बेलोरा. विमान सुरू झालं त्या आठवड्यात विपुलदादाचा फोन. स्पीकरवर. तसा फोन बुडी नेहमीच स्पीकरवर घेते, गल्लीले ऐकू गेला पाह्यजे म्हनून. "आई, आता मी जस्ट पावणेदोन तासांवर आहे. काहीही झालं ना, फक्त एक फोन कर. मी आलोच."

झालं. त्या दिवसापासून विपुलदादा आले नाई.

नाई, खरंच. रेल्वेनं रातभर घासत येनारा मानूस पावनेदोन घंट्यावर आला अन् त्याचं येनंच बंद झालं. काहून? कारन जो कधीबी येऊ शकते तो आज कशाले येईन? दिवाळीले म्हने, "आई, या वेळी नाही जमत, पण मी काय, कधीही येऊ शकतो." सासऱ्याच्या तिथीले म्हने, "आई, व्हिडिओ कॉल लावा." लावला. फोन तांब्याले टेकवून ठेवला, गुरुजीनं मंत्र म्हटले, अन् पावनेदोन घंट्यावरून विपुलदादानं हात जोडले. त्यायच्या मांगं कोनीतरी मिक्सर लावला होता. विमान त्या दिवशीबी आलं होतं बरं का. बराबर येळेवर आलं, रिकाम्या सीटा घेऊन. विमानाले नाव ठेवाचं काम नाई.

पन बुडीले याचं दुःख? अजिबात नाई. तिनं ह्यायच्याकडून मोबाइलमध्ये ते विमानाचं अॅप टाकून घेतलं, ज्याच्यात नकाशावर बारकं पिवळं विमान सरकते. अमरावतीहून निंगालं की ते बार्शीटाकळीच्या अंगानं, म्हनजे माह्या माहेरावरून, मुंबईले जाते. आता गंमत पाहा. अकोल्याच्या मानसाले मुंबईले जाचं असलं तं त्यानं आधी उलटं अमरावतीले जावं, तिथं विमानात बसावं, अन् उडून परत आपल्याच गावाजवळून जावं. हे मी एकदा बोलली तं बुडी म्हने, "गरिबाले नाई समजत ते." अन् मंग मले गच्चीवर हाक. मी कनकीचे हात घेऊन जिने चढून वर, "काय झालं आई?" तं बोट वर. "पाह्य. विपुलचं विमान." म्हटलं, दादा हायेत का त्याच्यात? "नाई. पन असता तं त्याच्यातच असता."

अन् एकदा तं विपुलदादानं तिले फोनवर वाचून दाखवलं. "आई, मी बघितलं, अकोला विमानतळ ते अमरावती विमानतळ, हवाई अंतर सत्तर किलोमीटर. उड्डाणाचा वेळ साधारण वीस मिनिटं." बुडीनं संध्याकाळी मंदिरात सगळ्यायले सांगितलं, अकोल्याहून अमरावती आता वीस मिनिटं. मी म्हटलं, आई, कोनतं विमान जाते अकोल्याहून अमरावतीले? म्हने, "मोबाइलवर हाये." म्हटलं, मोबाइलवर हाये, पन आकाशात नाई. तं पदर झटकून, "तू पहिल्यापासून विपुलच्या वाईटावर हायेस."

आता मुद्द्यावर येते. एका दुपारी वांग्याच्या भाजीत मीठ जरा वर झालं. जरा. बुडीनं ताट सरकवलं, हात धुतला अन् म्हनली, "मी विपुलकडं राह्याले चालली. कायमची."

फोन लावला, स्पीकरवर. "विपुल, मी येऊ का रे बाबा तुह्याकडं?" तिकडून, "ये ना आई, कधीही ये. विचारायचं काय, घर तुझंच आहे." आता तुमी-आमी समजतो हे बोलनं काय असते ते. पाहुना चप्पल घालून दारात उभा असला की आपन म्हनतो नं, बसा की, जेवून जा. तसं. पन बुडीनं ते शिलालेखासारखं धरलं. ह्यायले दुकानातून बोलावून घेतलं अन् तिकीट काढाले लावलं. येनाऱ्या शनिवारचं. जान्याचं. फक्त जान्याचं. ह्यायनं विचारलं, "आई, परतीचं?" तं म्हने, "परत कोनाले याचं हाये?"

मंग ह्यायनं विपुलदादाले कळवलं. मी बाजूलेच होती. "दादा, आईचं तिकीट काढलं." तिकडून, "अरे वा. मस्त." मंग जरा थांबून, "कधीचं?" शनिवारचं. "ओके... कुठल्या शनिवारचं?" येनाऱ्या. "येणाऱ्या म्हणजे, या शनिवारचं?" अन् मंग एवढी शांतता, एवढी शांतता की ह्यायले वाटलं फोन कटला.

जायाच्या आधी बुडीनं जे केलं ते ऐका. गल्लीतल्या बायायले चहाले बोलावलं. चहा मी केला. माह्याच हातचा चहा पिऊन, माह्याच समोर बसून म्हने, "अठरा वर्सं मी या घरात पानी पेली, वरन म्हनून." बाया हसल्या. मीबी हसली, काय करता, ट्रे हातात होता. मंग तिनं आपल्या कपाटाले कुलूप लावलं अन् चाबी देली कोनाले? समोरच्या सिंधूबाईले. मी तिथंच उभी. "सिंधूबाई, तुमच्याकडं ठेवा. तुमच्यावर भरोसा हाये." अन् माह्याकडं वळून, "अन् पौर्णिमे, माह्या खोलीत पाय ठेवू नको. तुह्या पायानं घरातली बरकत गेली, निदान ते खोली राहू दे." हे असं, चारचौघीत. ह्यायनं काय केलं म्हनता? हे पंख्याचं बटन पाहून राह्यले होते, खालीवर करून.

शनिवारी आमी तिले घेऊन निंगालो. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा, बेलोरा. गाडीनं किती लागतात मालूम हाये? पावनेदोन घंटे. म्हनजे अकोल्याहून विमानतळावर जायाले जेवढा येळ, तेवढ्यात विमान मुंबईले. तिच्याजवळ एक पिशवी होती, पापड, कुरड्या, जवसाची चटनी, लिंबाचं लोनचं, सगळं मीच केलेलं, तिनं त्याले चारीकडून खाकी टेप मारून घेतला होता अन् विपुलले सांगनार होती की मी केलं. सांगू दे. दारावरच्या पोरीनं तिले विचारलं, "आजी, व्हीलचेअर आणू?" तं बुडी खवळली, "मी काय लुळी हाओ?" अन् ताठ मानेनं आत गेली. मांगं वळून पाह्यलं नाई. माह्याकडं नाई पाह्यलं ते सोडा, पन पोटचा पोरगा उभा होता तिथं, हात वर करून. त्याच्याकडंबी नाई. ह्यायचा हात तसाच वर, मंग त्यायनं त्याच हातानं डोकं खाजवलं.

विमान उडलेलं पाहून आमी परत निंगालो. मी खिडकीबाहेर तोंड करून हसून घेतलं. घराच्या फाटकात गाडी लावली अन् विपुलदादाचा मेसेज, आई पोचली. विमानाले नाव ठेवाचं काम नाई, खरंच नाई.

मंग मी काय केलं? चहा केला. साखर दोन चमचे जास्त. तो घेऊन बुडीच्या खोलीत गेली, दोन्ही पाय ठेवले, एक नाई. पंखा पाचवर केला, तिच्या पलंगावर आडवी झाली अन् तिच्या उशीवर पाय ठेवून झोपली. अठरा वर्सात अशी झोप आली नव्हती. उठली तं वाटलं माहेरी हाओ.

आता बुडी तिथं गेल्यावर आमाले फोन नाई. फोन कोनाले? सिंधूबाईले. अन् सिंधूबाई रस्ता ओलांडून मले सांगाले. "तुमच्या सासूबाईले खिडकीतून समुद्र दिसते म्हने." "पोरानं सुट्टी काढली म्हने आईसाठी." "सून पाय दाबून देते म्हने. म्हनत होत्या, आता कुठं मानसात आली." हे सांगताना सिंधूबाईचं तोंड पाहाले पाह्यजे होतं, जसा काई पेढा विरघळून राह्यला. मी म्हनो, हो का, बरं झालं. अन् आत येऊन बुडीच्या पलंगावर बसो.

एक दिवस ह्यायनंच व्हिडिओ कॉल लावला. बुडी खुर्चीत बसलेली, पदर डोक्यावर. मी ह्यायच्या खांद्यामांगून पाह्यलं. मांगं समुद्र नव्हता. मांगं चपलांचं कपाट होतं. बाजूले सोफा, सोफ्यावर घडी केलेली चादर अन् उशी, म्हनजे बुडी दारातल्या सोफ्यावर झोपून राह्यली होती. अन् तेवढ्यात तिच्या मांगून एक म्हातारी गेली, गाउन घातलेली, हातात कॉफीचा मग, एकदम घरच्यासारखी, जाताना बुडीकडं पाह्यलंबी नाई. हे म्हनले, "आई, ते कोन?" बुडीनं मांगं न पाहताच सांगितलं, "श्रावणीची आई. आली हाये चार दिवस." श्रावणी म्हनजे विपुलदादाची बायको. चार दिवस? त्या म्हातारीच्या पायातल्या सपाता टाचेले झिजल्या होत्या. चार दिवसात सपाता झिजत नाई, मी बाई हाओ, मले समजते. मोठी खोली तिची होती. केव्हाचीच तिची होती. अन् हे बुडीले आधी कोनी सांगितलं नव्हतं.

मले काय वाटलं? सांगते. मी सयपाकघरात जाऊन गुळाचा खडा खाल्ला.

अन् दुसऱ्या दिवशी विपुलदादाचा फोन. "कुलदीप, अरे, आईला इथे करमत नाहीये. ती बोलत नाही, पण मला कळतं. तिचं मन तिथेच आहे, तुमच्यात." हे म्हनले, "दादा, तिनं म्हटलं का तसं?" "म्हणायला कशाला हवं रे. आणि इकडे श्रावणीच्या आईचे गुडघे, म्हणजे तिला तर कुठे हलवता येत नाही, आणि घरात स्पेस... तू समजू शकतोस. मी पुढच्या फ्लाइटचं तिकीट काढलंय. काय, पावणेदोन तासांचं तर आहे."

आता समजलं मी काय म्हनते ते? रेल्वे असती तं बुडीले परत आनून सोडाले विपुलदादाले सुट्टी काढा लागली असती, रातभर तिच्याजवळ बसा लागलं असतं, सकाळी अकोल्याले उतरून आमच्या तोंडाकडं पाहा लागलं असतं. लाजेखातर तरी महिनाभर ठेवली असती. विमानात तसं काई नाई. दारावर सोडा, तिकडं कोनीतरी घेते. आठवडाबी झाला नव्हता. विमानाले नाव ठेवाचं काम नाई, ते जसं नेते तसंच आनते, त्याले काय ठाऊक आत कोन बसलं अन् काहून बसलं.

बेलोऱ्याले जाताना मी गाडीत पाठ करत गेली. काय-काय बोलाचं ते. पहिलं, "आई, एवढ्यात? बरकत संपली का तिकडची?" दुसरं, "आई, समुद्र सोबत नाई आनला?" तिसरं माह्या मायबद्दल होतं, ते सांगत नाई. बडनेऱ्यापर्यंत सगळं तोंडपाठ झालं.

विमान उतरलं. मानसं निंगाली. बॅगा ओढत, फोनवर बोलत. सगळ्यात शेवटी एक व्हीलचेअर. अन् तिच्यात बुडी. जी लुळी नव्हती ती. मांडीवर पिशवी, चारीकडून खाकी टेप, जशीच्या तशी, एक कोपराबी उचकटलेला नाई. ह्यायनं पिशवी घेतली अन् विचारलं, "हे काहून आनलं परत?" बुडी म्हनली, "तिथं तेलाचं कोनी खात नाई."

मी तोंड उघडलं. पहिलं वाक्य जिभेवर होतं. अन् बुडीनं माह्याकडं पाह्यलं अन् म्हनली, "एवढी सजून काहून आली? वरात हाये का?" म्हटलं, बरं झालं, जिवंत हाये.

गाडीत ती मांगं बसली, मी समोर. मूर्तिजापूरले चहाले थांबलो तवा मी विचारलं, "आई, समुद्र कसा होता?" बशीत चहा ओतत म्हने, "पाह्यला नाई." मंग कोनी काई विचारलं नाई अन् तीच सोताहून सांगाले लागली, बशीकडं पाहत, तुटक-तुटक. म्हने, पहिल्या दिवशी जेवाले बसली तं वरनावर टाकाले मागितलं, "श्रावणी, जरासं सांबार हाये का?" आता आपल्याकडं सांबार म्हनजे कोथिंबीर. श्रावणी म्हने, "सांबार? थांबा हं आई." अन् फोनवरून मागवलं. अर्ध्या घंट्यानं एक पोऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात मद्रासी सांबार घेऊन आला, इडलीबरोबर खातात ते. ते दोघी मायलेकी आतल्या खोलीत जाऊन हसल्या. आवाज आला बाहेर. "मंग?" म्हटलं. "मंग काय, खाल्लं." "अन् दादा?" "विपुलबी हसला. पन तो हळू हसला."

मी म्हटलं, विमानतळावर सोडाले आले असतील नं दादा? "त्याची मीटिंग होती. ड्रायव्हरनं सोडलं. लय चांगला पोरगा होता ड्रायव्हर, पाया पडला माह्या."

मंग गाडी निंगाली अन् बुडीनं पदर तोंडावर ओढून घेतला. "ऊन लागून राह्यलं." ऊन दुसऱ्या बाजूनं होतं. मी कुंकू नीट कराच्या निमित्तानं समोरचा बारका आरसा खाली केला अन् पाह्यलं. पदर हालून राह्यला होता. आवाज बिलकुल नाई. तुमाले खोटं काहून सांगू, पयले पाच-दहा किलोमीटर मले मजा आली. जशी जत्रेत बसून काही पाहून राह्यली. मंग नाई आली. मंग मी आरसा वर केला, पन वर करूनबी काई फायदा नाई, मालूम तं झालंच होतं. हे गाडी चालवत होते, त्यायचे कान लाल झाले होते, त्यायनं रेडिओ लावला, अन् मंग बंद केला.

बोरगाव मंजू मांगं गेलं तसा बुडीनं पदर काढला. नाक-तोंड पुसलं, केस सारखे केले, अन् मले म्हनली, "पौर्णिमे, ऐक. गल्लीत कोनी विचारलं तं सांगजो, तू फोन करू-करू रडत होती म्हनून मी आली."

मी म्हटलं, मी? म्हने, "मंग काय मी?"

फाटकावर सिंधूबाई उभीच होती. तिच्यासंग आनिक तीन-चार जनी. कोनी कळवलं होतं देव जाने. गाडीचं दार उघडलं अन् सिंधूबाई, तोच पेढा तोंडात, "काहून वो कौशल्याबाई, इतक्यात आल्या? कायमच्या गेल्या होत्या नं?"

अन् बुडी गाडीतून उतरली ती अशी की तिले व्हीलचेअर कशी दिसते हेबी मालूम नाई. "काय करू वो सिंधूबाई, हिचे फोनवर फोन. आई, मले घर जमत नाई, आई, ह्यायचं जेवन कमी झालं, आई, तुमी या. विपुल तं सोडत नव्हता, गाडीपुढं आडवा झाला. म्हटलं, बाबा, तुह्या घरी सगळं हाये, पन तिथं ते येडी एकटी हाये. आली. मानसाले दया असा लागते."

सगळ्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या. डिक्कीत ती टेपची पिशवी होती. काहीच कराचं नव्हतं, फक्त डिक्की उघडाची होती. हेबी माह्याकडं पाहून राह्यले होते, अन् पयल्यांदा त्यायले पंख्याचं बटन सापडत नव्हतं.

मी म्हटलं, "हो सिंधूबाई. मले नाई जमत."

आता तुमी म्हनसान, मोठ्या मनाची हाये पौर्णिमा. दया आली तिले. अजिबात नाई. मी हिशेब केला. नाक असलेली सासू संध्याकाळी दोन घंटे मंदिरात जाऊन बसते, गल्लीत फिरते, बढाया मारते, तेवढा येळ माहं घर माहं असते. नाक कापलेली सासू कुठंच जात नाई, दिवसभर सयपाकघरात माह्यासमोर बसून राह्यते. मले कोनती परवडन? अन् खरंच सांगा, ज्या दिवशी बुडी बोलनं सोडीन त्या दिवशी तिच्या औषधपान्याले कोन उठन? मुंबईवाला का?

त्याचा फोन आला म्हना संध्याकाळी. "पौर्णिमा, पोचली ना आई नीट? बघ, किती सोपं झालंय आता सगळं." म्हटलं, हो दादा, लय सोपं झालं. आता एक डाव तुमीच या. पावनेदोन घंट्यावर तं हायेत. तिकडून, "हो हो, बघू या... हॅलो? आवाज तुटतोय." आवाज काचेसारखा साफ होता, श्रावणीच्या आईच्या सपातासुद्धा ऐकू येत होत्या.

बुडी तेव्हा सिंधूबाईकडून चाबी आनाले गेली होती. आली तं आधी आपल्या खोलीत, अन् मंग तिथून हाक. "पौर्णिमे, माह्या उशीले पायाचा वास काहून येऊन राह्यला?"

अन् परवा आमचे हे जेवताना म्हनले, त्यायले काय वाटलं काय मालूम, म्हनले, "आपल्या शिवनीलेच विमान सुरू झालं पाह्यजे. एवढं अमरावतीले जा-ये करा लागनार नाई. शिवनीहून घर वीस मिनिटं." बुडी बाजूले जेवून राह्यली होती, भाकर उलटी-सुलटी करत. तिनं वर पाह्यलं नाई.

म्हटलं, नको वो, राहू द्या ते अमरावतीलेच. वीस मिनिटात तं मानसाचं नाकबी पुसून होत नाई.